फडातला खांदा आणि सूज उतरवणारी गोळी

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव महाराष्ट्राला ओळखीचे आहे ते मुख्यतः तेथील मारुती मंदिरामुळे आणि निवडणूक प्रचाराचा नारळ त्याच मंदिरात फोडण्याच्या पवार कुटुंबाच्या प्रथेमुळे. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा रोजचा व्यवहार राजकारणापेक्षा उसाभोवती अधिक फिरतो. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या फुगवट्याने या मूळच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात ऊस आणला, त्याच्या आधाराने माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे उतरू लागल्या. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. ऊस बुडख्याशी तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती डोक्याखांद्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणे हे सगळे काम अंगावर घेणाऱ्या या जोडीच्या शरीरात सर्वांत आधी कुरकुर करणारा सांधा बहुधा खांद्याचा असतो. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधांवरून फिरणारा शेतकरी, दोन्ही वेळा गाईंची धार काढणारी गृहिणी, कापड उद्योगातील शिवणयंत्रावर बसणारी कामगार स्त्री, यांचीही तक्रार फारशी वेगळी नसते. या तक्रारीवर सर्वांत सहज मिळणारा उपाय म्हणजे ‘सूज उतरवणारी गोळी’. ही गोळी उपयोगी आहे यात शंका नाही. मात्र ती कोणत्या परिस्थितीत घेतली जाते यावर तिचा धोका जेवढा अवलंबून असतो, तेवढा तो गोळीच्या नावावर नसतो, आणि उसाच्या फडातील परिस्थिती तिच्यासाठी विशेष प्रतिकूल आहे.

खांदा हा शरीरातील सर्वाधिक हालचाल करू शकणारा सांधा आहे, आणि त्याची किंमत तो स्थैर्याच्या रूपाने मोजतो. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीत केवळ टेकलेला असतो. त्याला जागेवर धरण्याचे काम चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, करतात. या चौघांच्या वेढ्याला वैद्यकात ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हात वारंवार डोक्याच्या वर गेला की यांतील वरची कंडरा खांद्याच्या छपरासारख्या हाडाखाली घासली जाते, तिच्या लगतची द्रवाची पातळ पिशवी सुजते, आणि हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपणेही अशक्य होते. याहून वेगळा विकार म्हणजे सांध्याचे आवरणच जाड होऊन आक्रसणे. लोक त्याला ‘खांदा जाम झाला’ असे म्हणतात, तर डॉक्टर ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये रूढ केले. मधुमेह असलेल्यांत तो इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. म्हणूनच चाळिशीनंतर विशेष कारण नसताना खांदा आखडू लागला, तर गोळीच्या आधी रक्तातील साखर तपासणे शहाणपणाचे असते.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना शास्त्रीय परिभाषेत ‘स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधे’ म्हणतात. दाह म्हणजे इजा झालेल्या ऊतीने दिलेला प्रतिसाद : रक्तप्रवाह वाढतो, जागा गरम होते, सुजते आणि दुखते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड ही सारी याच कुळातील औषधे आहेत; पॅरासिटामॉल मात्र या कुळातील नाही, कारण ते वेदना आणि ताप कमी करते, परंतु सांध्याच्या सुजेवर त्याचा परिणाम नगण्य असतो. ही औषधे नेमके काय करतात याचा उलगडा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये केला आणि 1982 चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. शरीरातील एक विकर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करते आणि ती रसायने वेदना व सूज वाढवतात. गोळी त्या विकराला अडवते. अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखऱ्या खांद्यातच तयार होतात असे नाही. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे, मूत्रपिंडांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म धमन्या मोकळ्या ठेवणे, रक्त गोठण्याच्या क्रियेचा तोल राखणे ही कामेही त्यांच्याच भरवशावर चालतात. गिळलेली गोळी रक्तातून सर्वत्र पोहोचते. ‘खांद्याची गोळी’ असे काही अस्तित्वात नसते.

या औषधांचा मूत्रपिंडांवरील परिणाम किती टोकाचा असू शकतो हे भारताला आधी माणसांमुळे नव्हे, तर गिधाडांमुळे कळले. मराठी शेतकऱ्याच्या पंचांगात बैलाच्या खांद्यासाठी एक राखीव दिवस आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते आणि जुवाने घट्टे पडलेला खांदा हळद-तुपाने किंवा लोण्याने चोळला जातो. (माणसाच्या खांद्यासाठी असा दिवस कोणी नेमलेला नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.) पुढे जनावरांच्या दुखण्यावर मळणीच्या जोडीला स्वस्त डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन आले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत आहेत, हे 2004 मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले, आणि भारत सरकारने 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या, अनेक मात्रांच्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्याने 2015 मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही केवळ 3 मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीतच विकण्याचा नियम झाला. गिधाडाचे शरीर हे औषध माणसाइतक्या सहजतेने निचरू शकत नाही, त्यामुळे ही तुलना शब्दशः घेता येणार नाही. परंतु औषध ज्या अवयवावर घाव घालते तो अवयव दोन्हींकडे एकच आहे.

निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या तरुण माणसाने चार-पाच दिवस योग्य मात्रेत गोळी घेतली, तर मूत्रपिंडांना सहसा काही होत नाही. शरीरातील पाणी घटले की मात्र चित्र पालटते. घामाने रक्ताचे आकारमान कमी झाले की शरीर बहुतेक रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवते, आणि अशा वेळी मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी धमनी उघडी राहते ती केवळ प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर. नेमका तोच आधार गोळी काढून घेते. त्यातच रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल यांसारखे औषध चालू असते आणि ते गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. कालव्याच्या चारीत वरचे दार आवळले आणि खालचे सताड उघडे सोडले, तर पाण्याची पातळी घसरून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. गाळणीतील दाबाचेही तसेच होते. तिसरी भर लघवी वाढवणाऱ्या औषधाची पडते, आणि ते औषध पुष्कळदा टेल्मिसार्टनबरोबर एकाच गोळीत मिसळलेले असल्याने रुग्णाला आपण दोन औषधे घेत आहोत याचीही कल्पना नसते. रक्तदाबाची ही जोडगोळी, वर दाहशामक, आणि त्यावर मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसभर तोड, हे चारही घटक एकत्र येणे बारामती-इंदापूर पट्ट्यात मुळीच दुर्मीळ म्हणता येणार नाही.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांना मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे गेल्या काही दशकांत आढळले आहे. त्यामागे उष्णता, अतिश्रम आणि वारंवार होणारी पाण्याची तूट यांवर मुख्य संशय असून, वेदनाशामकांचा सर्रास वापर हे एकमेव कारण नसले तरी भर घालणारे कारण मानले जाते; त्यामुळे तेथील प्रतिबंधक कार्यक्रमांचा भर औषधांपेक्षा पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती यांवर आहे. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातही कारण निश्चित न झालेला असाच आजार आढळतो. महाराष्ट्रातील तोडणी कामगारांना हे चित्र सरसकट लागू करण्याची आवश्यकता नाही. परंतु ज्या दिवशी जुलाब, उलट्या किंवा ताप आहे, लघवी गडद आणि थोडी होत आहे, किंवा उन्हात पुरेसे पाणी न पिता काम करावे लागणार आहे, त्या दिवशी दाहशामक गोळी घेऊ नये, हा निष्कर्ष काढण्यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अशा दिवशी खांदा फारच दुखला, तर योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय ठरतो. प्रौढांत त्याची 24 तासांची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे, आणि दारू पिणाऱ्यांसाठी, यकृताचा आजार असलेल्यांसाठी किंवा वजन फार कमी असलेल्यांसाठी ती त्याहून बरीच खाली धरावी लागते.

पोटाविषयीचे समज अधिक रूढ आहेत आणि अधिक फसवेही. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होते हे खरे. परंतु जठराचे संरक्षक अस्तर दुबळे होण्याची क्रिया रक्तातून घडत असल्याने, भरल्या पोटी गोळी घेणाऱ्यालाही व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो. याच कारणाने ‘गोळी पोटाला बाधते, म्हणून सुई द्या’ हा दवाखान्यात वारंवार ऐकू येणारा आग्रह निराधार ठरतो. इंजेक्शन जठराला वळसा घालून जात नाही, उलट टोचलेल्या जागी गळू होण्याची किंवा क्वचित तेथील ऊती मरण्याची जोखीम तेवढी वाढवते. पूर्वी व्रण झालेल्या, पासष्टीपुढच्या, रक्त पातळ करणारे औषध किंवा हृदयासाठी 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू असलेल्या व्यक्तीला दाहशामक द्यावेच लागले, तर डॉक्टर सोबत पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखे आम्लरोधक देतात. हे संरक्षण पोटापुरतेच असते. मूत्रपिंडांना किंवा हृदयाला त्याचा काहीही उपयोग नाही, हे सांगायचे मात्र बऱ्याचदा राहून जाते. शौचास डांबरासारखी काळी होणे हे आतील रक्तस्रावाचे लक्षण मानून गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि रुग्णालय गाठावे.

हृदयाच्या बाबतीत वैद्यकविश्वाला धडा मिळाला तो रोफेकॉक्सिबमुळे. पोटाला कमी त्रास देणारे म्हणून गाजलेले हे औषध हृदयविकाराचे झटके वाढवते असे दिसल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. पुढे 2013 मध्ये अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात असे आढळले, की अशी नवी औषधे किंवा डायक्लोफिनॅक अधिक मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर 1000 रुग्णांमागे सुमारे तिघांना हृदयविकार, पक्षाघात यांसारखा जादा गंभीर प्रसंग ओढवतो आणि त्यांतील एक प्राणघातक असतो. हा आकडा निरोगी माणसाने घाबरून जावे असा नाही. तथापि, ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्याच्यासाठी मूळची जोखीमच मोठी असल्याने तीत पडणारी भरही मोठी होते. एटोरिकॉक्सिब हे भारतात अतिशय लोकप्रिय औषध रक्तदाब 140/90 च्या वर राहत असलेल्यांना देऊ नये, असा युरोपीय नियामकांचा स्पष्ट इशारा आहे. खांदेदुखीसाठी ते लिहून देण्याआधी रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटे पुरतात.

व्यवहारात सर्वाधिक घोळ होतो तो मात्रेचा. एका पाकिटावर एक व्यापारी नाव, दुसऱ्यावर दुसरे, आणि आत तेच डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक; त्यामुळे गावातील डॉक्टरांची गोळी, औषध दुकानातून मागून आणलेली गोळी आणि शेजाऱ्याने दिलेली गोळी मिळून दिवसाची मात्रा नकळत दुप्पट होते. शिवाय अनेक गोळ्या मिश्रणे असतात : ॲसिक्लोफिनॅकबरोबर पॅरासिटामॉल, सोबत स्नायू सैल करणारे औषध किंवा सेराशिओपेप्टिडेज. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये ज्या 156 मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत ॲसिक्लोफिनॅक 50 आणि पॅरासिटामॉल 125 मिलिग्रॅमची गोळीही होती. पाकिटावर व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते आणि वाचायचे ते हेच. प्रौढांसाठी 24 तासांची नेहमीची कमाल मात्रा डायक्लोफिनॅकची 150 मिलिग्रॅम, ॲसिक्लोफिनॅकची 200 मिलिग्रॅम, नॅप्रोक्सेनची 1000 मिलिग्रॅम आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना घेतलेल्या आयबुप्रोफेनची 1200 मिलिग्रॅम धरतात. वृद्धांसाठी यापेक्षा कमी. या कुळातील दोन औषधे एका वेळी घेतल्याने वेदना दुपटीने कमी होत नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढतात.

आता प्रश्न उरतो तो खांद्याला या सगळ्यातून काय मिळते याचा. ताजा लचका, मोळी उचलताना अचानक भरलेली कळ, सुजलेली द्रवपिशवी यांत पाच ते दहा दिवसांचा लहान टप्पा खरोखर आराम देतो. महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या कंडरेच्या दुखण्यात मात्र दाहापेक्षा झीज अधिक असते, आणि झिजलेल्या कंडरेला दाहशामक पूर्ववत करू शकत नाही. उलट वेदना दबल्यामुळे तोच हात त्याच ओझ्याखाली पुन्हा जातो. गोळीने मिळालेले सुसह्य दिवस व्यायामासाठी वापरले, तरच तिचे सार्थक होते : कमरेत वाकून, दुखरा हात लोंबता सोडून त्याला सावकाश झोके देणे, हा कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा व्यायाम, भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणे, आणि वेदना ओसरल्यावर खांद्याच्या स्नायूंना बळ देणारे प्रकार. जाम झालेला खांदा सुटण्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात, आणि तेवढा काळ रोज गोळी घेणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या वेदनादायक टप्प्यात सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन कित्येकदा अधिक उपयोगी पडते. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढी राहते, हे ध्यानात ठेवून तपासणी वाढवावी लागते. या तपासण्या आणि भौतिकोपचार यांसाठी बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे आणि 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अडचण असते ती बुडणाऱ्या हजेरीची आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची, आणि तिच्यावर औषधशास्त्राकडे उत्तर नाही.

डायक्लोफिनॅकचे मलम हा मधला मार्ग आहे. त्यातील औषधाचा अगदी लहान भाग रक्तात पोहोचतो, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंड यांवरील ताण खूप कमी होतो. गुडघा किंवा बोटे यांच्या तुलनेत खांद्याचा सांधा खोल असल्याने गुण थोडा कमी येतो, पण वरवरच्या दुखण्यात ते आजमावून पाहण्याजोगे आहे. कीटोप्रोफेनचे मलम लावलेल्या त्वचेवर ऊन पडले तर तीव्र पुरळ उठू शकते, म्हणून शेतात काम करणाऱ्यांसाठी ते गैरसोयीचे ठरते. तुटलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर कोणतेही मलम लावू नये.

काही जणांसाठी दाहशामक गोळी सुरुवातीलाच वर्ज्य आहे. गरोदरपणाच्या 20 व्या आठवड्यानंतर ती टाळावी, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांवर आणि शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळच्या एका महत्त्वाच्या रक्तवाहिनीवर तिचा परिणाम होतो. टोळीत गरोदर स्त्रियाही मोळ्या वाहतात, म्हणून हे येथे विशेष महत्त्वाचे. दमा असलेल्या काहींना या गोळ्यांनी तीव्र झटका येतो. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्या घेऊ नयेत, कारण आधीच बिंबाणू घटलेल्या रुग्णात रक्तस्राव वाढू शकतो. आणि प्रत्येक खांदेदुखी खांद्याचीच असते असेही नाही. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम आणि धाप असेल तर ते हृदयाचे दुखणे समजावे, जेवणानंतर उजव्या खांद्यात येणारी कळ पित्ताशयाची असू शकते, मानेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या मुंग्या मणक्यातील दबलेल्या शिरेकडे निर्देश करतात, आणि पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल तर कंडरा तुटली किंवा सांधा निखळला असण्याची शक्यता तपासावी लागते.

बाजारात सांधेदुखीवर ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांबाबत वेगळी सावधगिरी हवी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळल्याचे देशात वेळोवेळी उघडकीस आले आहे. एका पुडीने दोन दिवसांत खांदा मोकळा झाला आणि महिनाभरात चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला, तर संशय स्टेरॉइडचा घ्यावा. मात्र अशी पुडी बराच काळ घेतली असल्यास ती एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते, म्हणून पुडीसह डॉक्टरांकडे जावे. कोणत्याही औषधाचा त्रास झाल्यास तो कळवण्यासाठी गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाने 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक ठेवला आहे. रुग्ण स्वतः त्यावर तक्रार नोंदवू शकतो, आणि त्यासाठी गोळीचे मूळ नाव, ती कधी सुरू केली आणि त्रास कधी सुरू झाला एवढे सांगता आले तरी पुरते. याच आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये मेफेनॅमिक ॲसिड या दाहशामकामुळे पुरळ, ताप आणि आतील अवयवांना इजा अशी तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते असा इशारा दिला, तो देशभरातून आलेल्या अशाच नोंदींची छाननी करून.